विसरण्याचा वर

रेणापूरला आलेल्या पाहुण्याला आम्ही दोन गोष्टी हटकून दाखवतो: रेणुकेचे देऊळ आणि हलती दीपमाळ. पाहुणा चौकशी करतो ती बहुधा दीपमाळेची. ती खरेच हलते का, कशाने हलते, हे त्याला हवे असते. देवीची कथा आपल्याला माहीत आहे असे तो धरून चालतो. मीही पुष्कळ वर्षे तसेच धरून चालले. या कथेतली एक गोष्ट आपल्या कानावरून नुसतीच गेली आहे, हे नोकरी संपल्यावर, आणि तेही भलत्याच कारणाने, माझ्या ध्यानात आले. ते कारण सांगण्यापूर्वी कथाच थोडक्यात सांगते.

महाभारताच्या वनपर्वात ती आहे. जमदग्नींची पत्नी रेणुका नदीवर स्नानाला गेली असता चित्ररथ राजाची जलक्रीडा तिच्या दृष्टीस पडली आणि तिचे मन क्षणभर ढळले. ती आश्रमात परतली. ऋषींनी तिच्याकडे पाहताच सारे ओळखले आणि मुलांना आईचा वध करण्याची आज्ञा दिली. रुमण्वान, सुषेण, वसु आणि विश्वावसु या चौघांच्या हातून ते होईना. पित्याच्या शापाने ते जड होऊन पडले. (ही चार नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतात? आईवर हात न उचलणाऱ्यांची नावे लोकांच्या तोंडी राहिली नाहीत.) पाचव्या परशुरामाने आज्ञा पाळली. पिता प्रसन्न झाला आणि वर माग म्हणाला. परशुरामाने आई जिवंत व्हावी असे मागितले, भाऊ पूर्ववत व्हावेत असे मागितले, आपल्याला पाप लागू नये असे मागितले; आणि आणखी एक मागणे मागितले. आपल्याला मारले होते, ही आठवण आईला राहू नये!

या मागण्यामागे मुलाची माया होती, याविषयी मला शंका नाही. देवीच्या भक्तीला बोट लावण्याचाही माझा हेतू नाही. दर नवरात्रात मी त्याच ओळीत उभी असते. पण एक प्रश्न मनातून जात नाही. रेणुकेला कुणी काही विचारले, असे या कथेत कुठेही नाही. शिक्षेपूर्वी विचारले नाही. आणि नंतर विचारण्यासारखे काही उरलेच नाही, कारण तिला काही आठवतच नव्हते. मग या विसरण्याच्या वराने खरी सोय झाली ती कोणाची?

आता ते भलते कारण. २००९ च्या सुमारास मी एका लहान शाळेत शिकवीत होते. चार शिक्षक आणि पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या एक मावशी, एवढाच संसार. सहावीतल्या एका मुलीचे रोज मधल्या सुट्टीनंतर पोट दुखू लागे. मी तिला ओवा दिला, लिंबूपाणी दिले, एकदा घरी पाठवले. पुढे पुढे रागावलेसुद्धा. गणिताच्या तासालाच बरे दुखते, असे सर्वांसमोर म्हणाले. वर्ग हसला. ते हसू आजही माझ्या कानात आहे.

कारण सांगितले ते मावशींनी. भांडी घासता घासता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "बाई, ती पोरगी दिसभर पाणीच पीत न्हाई. संडासाला आतून कडी न्हाई. पोरं दार ढकलत्यात." एवढेच. मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह असले पाहिजे असा शिक्षणहक्काचा कायदा त्याच वर्षी संसदेत झाला होता. आमच्या शाळेत तर ते आधीपासून बांधलेलेही होते. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याची नोंद करून नेली होती. कडीची नोंद करण्याचा रकाना त्यांच्या कागदात नसावा. दिवसभर तहान मारून बसणाऱ्या मुलीला मूत्रमार्गाचा विकार जडतो, हे कळायला डॉक्टर लागत नाही. पण ती मुलगी मला, तिच्या वर्गशिक्षिकेला, ते सांगू शकली नाही. ती सांगायला गेली चुलीपाशी. का, हे मला पुष्कळ दिवसांनी समजले. त्या शाळेत मावशी हे एकच मोठे माणूस असे होते की ज्याला तिच्यावर रागावण्याचा अधिकार नव्हता.

दुसऱ्या दिवशी कडी बसली आणि मी स्वतःवर खूश झाले. ही खुशी टिकली असती तर हा लेख मी लिहिला नसता. महिन्याभराने त्याच मावशी माझ्याकडे आल्या. शाळेत धान्याचा हिशेब पाहणारे एक गृहस्थ होते. ते स्वयंपाकाच्या खोलीत उगीच येतात, वाट अडवून उभे राहतात, नको ते बोलतात, एकदा हात धरला, असे त्यांनी खाली पाहत सांगितले. मी काय केले? मी दार लोटून घेतले आणि म्हणाले, "मावशी, कशाला वाढवता? गावात तुमचेच नाव होईल. विसरून जा." मी हे मायेनेच म्हणाले, हेही सांगते. पुढच्या जूनमध्ये खिचडीला दुसरी बाई आली.

त्या वेळी या विषयावर संसदेचा कायदा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल मात्र होता. तो लागून बारा वर्षे झाली होती आणि तो मला ठाऊक नव्हता. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून काम करीत. एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबवण्याचा त्यांनी प्रयत्न केला, म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून सोडले. त्याआधीच महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या आणि त्यांनी मूलभूत प्रश्न विचारला होता: काम करताना बाईच्या अब्रूचे रक्षण करण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची आहे की नाही? १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने ती आहे असे सांगितले आणि कायदा होईपर्यंत पाळायचे नियम घालून दिले. त्या तीन न्यायमूर्तींत सुजाता मनोहर होत्या; मुंबई उच्च न्यायालयाच्या त्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश.

कायदा व्हायला आणखी सोळा वर्षे लागली. २०१० च्या डिसेंबरात विधेयक लोकसभेत मांडले गेले. त्या मसुद्यात घरकाम करणाऱ्या बायकांना वगळले होते. म्हणजे ज्यांच्या कामाच्या जागेचे दार सर्वात घट्ट बंद असते, त्यांनाच! संसदेच्या समितीपुढे चर्चा झाली आणि ही चूक पुढे दुरुस्त झाली. ३ सप्टेंबर २०१२ रोजी लोकसभेने विधेयक मंजूर केले ते कोळसा खाणींच्या वाटपावरून चाललेल्या गोंधळात, चर्चेवाचून. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी राज्यसभेने त्याला मान्यता दिली आणि ९ डिसेंबर २०१३ पासून कायदा लागू झाला.

समितीत चर्चा झाली होती, मग सभागृहात झाली नाही म्हणून काय बिघडले, असे कुणी विचारील. मला वाटते, बिघडले. सभागृहातली चर्चा केवळ सदस्यांसाठी नसते. ती देशाच्या कानावर पडावी म्हणून असते. ऊसदरावर संसदेत चार दिवस वाद झाला की आमच्या बसस्टँडवर आठ दिवस होतो. बायकांनी ज्याविषयी बोलावे म्हणून कायदा करायचा, तोच कायदा सभागृहाने न बोलता करावा, यातली विसंगती लहान नाही. या कायद्यात पुष्कळ विचार आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, पण बाईला लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यास मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे. प्रत्येक तालुक्याला तक्रार घेणारा एक अधिकारी नेमायचा आहे आणि त्याने ती सात दिवसांत पुढे पाठवायची आहे. आमच्या शाळेत चार शिक्षक आणि एक मावशी. म्हणजे मावशींसारखीला लातूरची पायपीट करावी लागू नये, याचा विचार दिल्लीत झालेला आहे. रेणापुरात तो अधिकारी कोण, हे खिचडी शिजवणाऱ्या किती जणी सांगू शकतील?

यावर एक आक्षेप घरोघर ऐकू येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उद्या एखादीने खोटेच सांगितले तर? निरपराध माणसाचा संसार उधळेल. कायद्यानेही हे ओळखले आहे; मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाई होऊ शकते, मात्र केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. पण माझे म्हणणे निराळे आहे. विश्वास ठेवणे आणि ऐकून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीच्या भीतीने दुसरी टाळतो. मावशींवर मी तत्काळ विश्वास ठेवायला हवा होता, असे मी म्हणत नाही. (ठेवला होता, हे मला ठाऊक आहे, तीच तर माझी लाज आहे.) मी त्यांना पूर्ण बोलू द्यायला हवे होते, ते लिहून घ्यायला हवे होते, आणि मग त्या गृहस्थांनाही बोलू द्यायला हवे होते.

गोव्यातील विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाचे प्रकरण २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाले. विद्यार्थिनींच्या तक्रारींवरून त्यांना बडतर्फ केले होते. चौकशी समितीने काम घाईने उरकले, बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून न्यायालयाने बडतर्फी रद्द करून प्रकरण पुन्हा चौकशीकडे पाठवले. आणि त्याच निकालात, कायदा होऊन दशक लोटले तरी त्याची अंमलबजावणी ढिली आहे, असेही खडसावले. काही वाचकांना यात विरोध दिसेल. मला दिसत नाही. घाईने उरकलेली चौकशी तक्रार करणाऱ्या मुलींच्याही उपयोगी पडली नाही.

२०२४ चे बदलापूर कोणी विसरले नसेल. शाळेत जाणाऱ्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, आणि तो उघडकीस आला तो मुलीने दुखते म्हणून सांगितले तेव्हा. लहान मुलांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा सांगतो की, असे काही कळले तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने न कळवल्यास त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तरी पालकांना ताटकळावे लागले, आणि २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. पुढे २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीने मेला आणि काहींनी पेढे वाटले. त्या बापांचा संताप मी समजू शकते. पण खटला उभा राहिला असता तर आणखी कोणाला काय ठाऊक होते, कोण कधी गप्प बसले, हे साक्षीदारांच्या तोंडून बाहेर आले असते. ते दार त्या गोळीने बरेचसे बंद झाले. आधी ऐकायचे नाही आणि मग एका घावात निकाल लावायचा; मला या दोन गोष्टी एकाच घरच्या वाटतात. दोन्हींत समोर बसून ऐकण्याचे कष्ट वाचतात.

गेल्या नवरात्रात देवळाच्या ओळीत मावशी माझ्या पुढे उभ्या होत्या. केस पांढरे झाले आहेत. बरीच वर्षे त्या ऊसतोडीला जात होत्या. आता नातवंडे सांभाळतात. ओळ लांब होती. मी धीर करून म्हणाले, "मावशी, त्या वेळी मी तुम्हाला भलताच सल्ला दिला."

त्या हसल्या. "काय बाई, कवाची गोष्ट काढता! मी तर कवाच इसरले."

मग त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि सांगू लागल्या. वार गुरुवार होता. चुलीवर मटकी होती. त्या गृहस्थांच्या अंगात निळा सदरा होता, बाहेर मुले कवायत करीत होती, आणि दाराजवळ तांदळाचे पोते आडवे पडलेले असल्यामुळे त्यांना निघता येईना. ओळ सरकत होती. या खेपेला मी मध्ये बोलले नाही.