बेटांचे बारसे

मराठी घरात नाव दोन प्रसंगी ठेवले जाते. पाळण्यातल्या मुलाच्या कानात आत्या नाव सांगते आणि तोवर निनावी असलेला जीव नामधारी होतो. दुसरा प्रसंग लग्नाचा. वीस वर्षे एका नावाला ओ देत आलेल्या मुलीचे नवे नाव नवरा ताटातल्या तांदळात लिहितो. पहिल्या प्रसंगी नाव मिळते. दुसऱ्या प्रसंगी एक नाव जातेही. जुन्या दर्यावर्दींनी दूरच्या बेटांची बारशी केली असे आपण म्हणतो. वस्तुतः ती नावे बहुधा या दुसऱ्या जातीची होत.

१७२२ साली ईस्टरच्या दिवशी डच प्रवासी रोखेवेन पॅसिफिक महासागरातील एका बेटापाशी पोचला, आणि ते ईस्टर बेट ठरले. तेथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे नांदत होती; नकाशावर मात्र चढली ती पाहुण्याच्या पंचांगातली तिथी. आपल्या घारापुरीचेही तेच. पोर्तुगीजांना तेथे दगडी हत्ती दिसला, म्हणून ते बेट ‘एलिफंटा’. पुढे हत्ती मुंबईस नेला गेला. आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. हत्ती गेला तरी परक्याने दिलेले नाव हलले नाही.

हा दोष केवळ गोऱ्यांचा, असे मानणे सोयीचे आहे. पण खरे नाही. तंजावरच्या चोळकालीन शिलालेखात निकोबारचे नाव ‘नक्कवारम’ असे येते, आणि त्याचा अर्थ नग्नांचा देश असा लावला जातो. बलवंताची नजर जिथे प्रथम पडते, तेच दुर्बळाचे नाव होऊन बसते.

अंदमानातील दोन बेटांवर हॅवलॉक आणि नील या इंग्रज सेनानींची नावे होती. १८५७ साली अलाहाबादच्या परिसरात नीलने केलेला संहार ज्यास ठाऊक आहे, तो २०१८ साली त्या बेटांना ‘स्वराज’ व ‘शहीद’ ही नावे मिळाली याबद्दल खेद करणार नाही. तथापि न्याय एवढ्याने पुरा होत नाही. हॅवलॉकच्या आधीही तेथील खडकांना, खाड्यांना नावे होतीच. २०१० साली अंदमानातील ‘बो’ भाषा बोलणारी अखेरची स्त्री वारली. तिच्याबरोबर अशी किती नावे गेली, याची मोजदाद आता कोण करणार? उत्तर सेंटिनेलचे रहिवासी आपल्या बेटाला काय म्हणतात, हे तर बाहेरच्या कोणालाच माहीत नाही. आपण त्यास ‘पहारेकरी’ म्हणतो. जणू ते आपल्याच दारावर उभे आहे.

भिलाईकरांस हा प्रश्न दूरचा वाटू नये. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. त्याने गावाचे नाव धारण केले, हे उचितच झाले. वसाहतीच्या वाट्याला मात्र सेक्टरांचे आकडे आले. आपण मराठी माणसेही येथे बाहेरूनच आलो आणि आपले पत्ते त्या आकड्यांनीच सांगू लागलो. आकडा कोणाचा अपमान करीत नाही, हे खरे. पण तो कोणाची आठवणही ठेवीत नाही. नव्याने येणाऱ्याने नाव ठेवू नये असे नाही. त्याचे पहिले कर्तव्य मात्र आधीचे नाव विचारून घेण्याचे आहे. आपल्या घराखालच्या शेताला, पलीकडच्या तळ्याला छत्तीसगढीत काय म्हणत, हे एखाद्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला विचारणे येथे अजून शक्य आहे. ‘बो’ भाषेच्या मुलखात ते शक्य राहिलेले नाही.