छतावरचे ऊन आणि आपला हिशेब



पेण किंवा रोह्यात ज्यांचे स्वतःचे घर आहे, त्यांच्यापुढे अलीकडे एक प्रश्न वारंवार येऊन उभा राहतो. छतावर सौर पॅनेल बसवावे की नाही? बहुतेकजण हा प्रश्न विजेच्या बिलापासून सुरू करतात आणि किती वर्षांत पैसे वसूल होतील, या आकड्यापाशी संपवतात. तो हिशेब चुकीचा नाही, पण पुरेसाही नाही. संपत्ती कोठून कमावली आणि कोठे खर्च केली, याचा जाब दिल्याशिवाय कयामतच्या दिवशी माणसाचे पाऊल जागचे हलणार नाही, अशी शिकवण पैगंबर मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. म्हणून छतावरच्या या खर्चाचाही विचार आपण त्या जाबदारीच्या उजेडात करू या.

दिव्यामागचा अंधार

आपण बटण दाबतो आणि दिवा लागतो. त्या दिव्यासाठी कोणी काय सोसले, हे आपल्याला दिसत नाही. रोहेकर मात्र त्याची एक खूण रोज पाहतात. कुंडलिका नदीत उन्हाळ्यातही जे पाणी खळाळते, त्यातील मोठा भाग मुळशीच्या धरणातून सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतो आणि तेथील चक्रे फिरवून नदीला मिळतो. हे केंद्र १९२७ साली सुरू झाले. त्याआधी, १९२१ पासून, मुळशी खोऱ्यातील मावळ्यांनी आपल्या जमिनी बुडू नयेत म्हणून सत्याग्रह केला होता. सेनापती बापट त्या लढ्यात अग्रभागी होते. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली.

आज महाराष्ट्राची बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी अशा ठिकाणी कोळसा जाळून तयार होते. त्या धुराचा आणि राखेचा भार तेथील माणसे वाहतात, लाभ मात्र आपल्या घरात येतो. स्वतः इजा सोसू नये आणि दुसऱ्यालाही इजा पोहोचवू नये, हे पैगंबरांनी घालून दिलेले सूत्र फकीहांनी शरीअतच्या मूलभूत नियमांत गणले आहे. वीज वापरणारा प्रत्येकजण गुन्हेगार आहे, असा याचा अर्थ नाही. मात्र ज्याला कमी इजेचा मार्ग उपलब्ध आहे आणि परवडतोही, त्याने त्याचा विचारच न करणे ही बेपर्वाई ठरते.

दिव्य कुरआनात सूरह इब्राहीममध्ये अल्लाहने सूर्य आणि चंद्र मानवाच्या सेवेला लावल्याचे स्मरण करून दिले आहे. सूरह रहमानमध्ये आकाश उंच केल्याचा आणि तुला स्थापल्याचा उल्लेख एकत्र येतो आणि त्या तुलेत मर्यादा ओलांडू नका, अशी ताकीद लगोलग येते. सेवेला लावणे म्हणजे मालकी देणे नव्हे. ऊन ही अमानत आहे. तिचा उपयोग करणे ही कृतज्ञता, आणि उपयोग करताना तोल सांभाळणे ही त्या कृतज्ञतेची अट.

चांगला हेतू, पण पैसा कोणता?

खरी कसोटी येथून सुरू होते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचासाठी ७८,००० रुपये अनुदान मिळते. असा संच साधारण दीड ते दोन लाखांत बसतो, त्याला सुमारे तीनशे चौरस फूट मोकळे छत लागते आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी तो बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. अनुदान मात्र संच बसल्यानंतर खात्यात जमा होते. त्यामुळे आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते, आणि तेथेच बँकेच्या कर्जाचा सोपा मार्ग समोर येतो.

व्याजदर कमी आहे, हप्ता वाचलेल्या बिलातूनच फिटेल, असे सांगितले जाते. तुम्हीही स्वतःला असे समजावले असेल. पण दर कमी असल्याने व्याजाचे स्वरूप बदलत नाही. सूरह बकरहमध्ये अल्लाहने व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरवले आहे. तेथे टक्केवारीची सवलत नाही. काहीजण येथे मजबुरीचे कारण पुढे करतात. मजबुरीला शरीअतमध्ये स्थान आहे, यात शंका नाही. मात्र ज्या घरात महावितरणची वीज आधीच आहे, त्या घरासाठी सौर संच ही सोय आहे, मजबुरी नाही. घरात आजारी माणूस विजेच्या यंत्रावर जगत असेल, तर परिस्थिती वेगळी आहे. अशा व्यक्तीने जाणत्या मुफ्तींसमोर आपली खरी स्थिती मांडावी.

मग मार्ग कोणते? तीनऐवजी एक किलोवॅटचा संच घेता येतो. दोन वर्षे थांबून पैसे साठवता येतात. विक्रेत्याने हप्त्यांसाठी किंमत अधिक लावली, तरी ती व्यवहाराच्या वेळीच ठरलेली असेल आणि उशीर झाल्यास वाढणार नसेल, तर असा उधारीचा सौदा बहुतांश फकीहांनी वैध मानला आहे. चौथा मार्ग आपल्या जमातींच्या हाती आहे. लग्नाच्या हॉलसाठी वर्गणी गोळा करणारी जमात कर्ज-ए-हसनासाठीही निधी उभा करू शकते. एकाची परतफेड दुसऱ्याच्या छताला उपयोगी पडेल.

छत कोणाचे?

वाचकहो, याहून अवघड प्रश्न पुढे आहे आणि तो फारसा कोणी विचारत नाही. ज्या छतावर तुम्ही पॅनेल बसवणार, ते छत खरोखर तुमचे आहे काय?

आपल्याकडे कितीतरी घरांत विजेचे मीटर अजून मरहूम वडिलांच्या नावावर चालते. अनुदानासाठी अर्ज करताना नाव बदलण्याची वेळ येते, आणि मग वारसांच्या संमतीपत्रावर सह्या गोळा केल्या जातात. कोणी भाऊ आखाती देशात असतो, बहीण म्हसळ्याला किंवा मुंबईला सासरी असते. तिला फोनवर सांगितले जाते की फक्त वीजमंडळाचा कागद आहे, सही करून पाठव. ती पाठवतेही. परंतु सूरह निसामध्ये अल्लाहने तिचा वाटा स्वतः ठरवून दिला आहे. तो देण्याचे वर्षानुवर्षे टाळून, त्याच छतावर पंचवीस वर्षे टिकणारी वस्तू आपल्या नावाने उभी करणे, हे हिरव्या ऊर्जेच्या नावाने झाकले जाणार नाही. बहीण मागत नाही, म्हणून तिचा हक्क संपत नाही. संकोचाने गप्प बसणे म्हणजे राजीखुशीने सोडून देणे नव्हे.

म्हणून संच बसवण्याआधी वाटणी करा. ती तातडीने शक्य नसेल, तर सर्व वारसांना नेमके काय होणार आहे ते सांगा, मोकळेपणाने संमती घ्या आणि लेखी ठेवा. हाच क्रम इतर देण्यांनाही लागू आहे. कोणाचे थकलेले देणे असेल, पत्नीचा महर बाकी असेल, हज फर्ज होऊन राहिला असेल, तर ते आधी. सूर्य उद्याही उगवेल, आपण उद्या असू याची खात्री नाही.

शेजाऱ्याचाही विचार करावा लागतो. त्याच्या आंब्याची सावली तुमच्या छतावर पडते, म्हणून रात्रीत फांद्या छाटणे हा हक्क नव्हे. त्याच्याशी बोला. तो नाही म्हणाला, तर पॅनेलची जागा बदला किंवा बेत सोडा.

बसवल्यानंतर

तवक्कुलचा अर्थही येथे समजून घ्यावा. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही पैगंबरांची शिकवण कोकणातल्या छतांना तंतोतंत लागू पडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा पत्रे पतंगासारखे उडाले. ढिल्या सांगाड्यावरचे पॅनेल शेजाऱ्याच्या अंगणात पडले, तर तो केवळ नशिबाचा भाग नसेल. हेही जाणून घ्या की बॅटरीविना बसवलेला साधा संच वीजपुरवठा खंडित होताच आपोआप बंद होतो, कारण तारांवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या विजेचा धक्का बसता कामा नये. अंधारात बसावे लागले, तर त्याचा राग न धरता कोणाचा तरी जीव सुरक्षित आहे, असे समजा.

शेवटची परीक्षा बिल कमी आल्यावर सुरू होते. वीज जवळजवळ फुकट झाली की माणूस सैल होतो. रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहतो, एकाच्या जागी दोन एसी येतात. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, असे शिकवणाऱ्या दीनमध्ये फुकट मिळालेल्या वस्तूची उधळपट्टीही उधळपट्टीच असते. राहत्या घरावरील पॅनेलवर जकात नाही, पण वाचलेल्या पैशाचा काही भाग एखाद्या विधवेच्या घराचे बिल भरण्यात गेला, तर त्या उन्हाचा खरा शुक्र अदा होईल.

तर मग बसवावे की नाही? ज्याचा पैसा व्याजापासून मुक्त आहे, छतावर कोणाचा दाबलेला हक्क नाही आणि डोक्यावर थकलेले देणे नाही, त्याने जरूर बसवावे, आणि इतरांना इजा कमी व्हावी अशी नियत धरावी. ज्याचे यांपैकी काही बाकी आहे, त्याने आधी ते पूर्ण करावे. कदाचित या निमित्ताने एखाद्या बहिणीला तिचा वाटा मिळेल. तसे झाले, तर छतावर एकही पॅनेल चढण्याआधीच त्या घरात प्रकाश आलेला असेल.

अल्लाह आपल्या कमाईत, आपल्या घरांत आणि आपल्या नियतीत बरकत देवो. आमीन.