पोथी घरात असणं

मे महिन्यातलं लग्न. माझी मैत्रीण मंगल कार्यालयाच्या जिन्यात कठडा धरून बसली होती, मानेवर ओला रुमाल. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. अंग तापलं की नजर अंधुक होते, पाय साथ देत नाहीत. शेजारच्या आत्याबाई म्हणाल्या, “जीन्समध्येच असेल, त्याला कोण काय करणार!” ते वाक्य आठवडाभर डोक्यातून गेलं नाही.

आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते, हे आता अनेकांना ठाऊक आहे. माझं भांडण ‘जीन्समध्येच’ या शब्दाशी आहे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाला, तरी दुसऱ्याला तो होण्याची शक्यता साधारण चारात एक.

आजोळी लाल फडक्यात बांधलेली पोथी होती. श्रावणात मामा ती सोडत आणि ठरलेले अध्यायच वाचत. त्या पानांचे कोपरे बोटांच्या तेलाने पिवळे पडले होते, बाकीची कोरी करकरीत. पोथी घरात असणं वेगळं, ती वाचली जाणं वेगळं. जनुकांचंही तसंच.

अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संशोधकांनी 2006 साली मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांचे मरणोत्तर मेंदू तपासले. हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या भागात मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीतल्या वीजघरांची, 26 जनुकं कमी वाचली जात होती. आवरण गेलेल्या तंतूला संदेश पुढे न्यायला जास्त ऊर्जा लागते, आणि नेमकी तेव्हाच ती कमी पडते. त्यात दाहातून सुटलेले ऑक्सिजनचे उग्र रेणू आणि मेलेल्या पेशींतून सांडलेलं लोह त्या वीजघरांनाच इजा करतं. दुष्काळात तेरावा महिना.

“मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्या,” असं सांगणारेही भेटतात. त्यांना मी तोऱ्यात सांगायचे, की या आजारावरचं डायमिथिल फ्युमरेट हे औषध बाहेरून काही ओतत नाही, पेशीची स्वतःची संरक्षक जनुकं जागी करतं. पण ही जनुकं जागवणारं एनआरएफ2 प्रथिन नसलेल्या उंदरांतही ते गुण देतं. म्हणजे माझी पोथीसुद्धा सगळं उलगडत नाही.

शिवाय ‘वाचन’ म्हटलं, की वाचणाऱ्याला दोष देणं सोपं होतं: ताण घेतलास, म्हणून असं झालं. नशिबाचं ओझं उतरवायला निघाले आणि तिच्या डोक्यावर अपराधाचं ठेवत होते. दोन्ही नकोत. तिचा थकवा हा आळस नव्हे, तो पेशींतला खरा तुटवडा आहे. जिन्यात असं कुणी बसलेलं दिसलं, तर कारण विचारू नका. पंख्याखाली खुर्ची ओढून द्या.