गाव कुणाच्या कामावरून मोजायचं?

आंबीला गाव म्हणायचं की शहर? तळेगाव दाभाडेजवळच्या या गावात मी भाड्याच्या खोलीत राहते. इथं इंद्रायणी नदी आहे, भाताची खाचरं आहेत; आणि एमआयडीसी, कॉलेज, पीजीच्या पाट्याही आहेत. नुसतं बघून उत्तर मिळत नाही. म्हणून व्याख्येकडे वळावं लागतं.

नगरपालिका नसलेल्या वस्तीलाही आपली जनगणना शहर मानते, पण तीन अटींवर. लोकसंख्या किमान ५,००० हवी. घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० हवी. आणि वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात हवेत. अशा वस्तीला ‘सेन्सस टाउन’ म्हणतात. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ शहरं होती, २०११ मध्ये सुमारे ३,९०० झाली. कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहतो.

आता तिसरी अट पुन्हा वाचा. पुरुषांपैकी.

माझ्या घरमालकीण काकूंचे यजमान आणि मुलगा दोघंही कंपनीत जातात. शेती काकू बघतात. ट्रॅक्टरवाल्याला बोलावण्यापासून लावणी, बेणणी, कापणीपर्यंत सगळं त्यांच्याकडे. भात अर्थातच इंद्रायणी, १९८७ मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला वाण. व्याख्येप्रमाणे हे घर शंभर टक्के शहरी आहे. काकूंना मोजलं तर तिघांपैकी दोघं शेतीबाहेर, म्हणजे ६७ टक्के. घर तेच, माणसं तीच, पण ते ७५च्या खाली आलं.

गंमत म्हणजे मीही कंपनीत नोकरी करते आणि माझंही काम त्या टक्क्यात धरलं जात नाही. आंबीचं गावपण टिकवणारी बाई आणि तिला शहर बनवणारी बाई, दोघी एकाच वेळी वगळल्या जातात.

याचं समर्थन करता येतं. बायकांच्या कामाची नोंद नीट होत नाही, मग तो आकडा कशाला धरायचा? शिवाय कुठलीही व्याख्या काहीतरी सोडणारच. सगळं दाखवणारा नकाशा कुणालाच वापरता येणार नाही. हे मला पटतं. पण नोंद नीट होत नाही म्हणून ते कामच हिशेबातून काढायचं, हे पटत नाही. सोडताना दर वेळी तीच माणसं सुटत असतील, तर तो प्रश्न सोयीचा राहत नाही, न्यायाचा होतो.

कारण या शब्दांना परिणाम असतात. पुढे नगरपालिका झाली तर गटार, कचरा, अग्निशमन यांची जबाबदारी कुणाची हे तरी ठरतं. वाढत्या वस्तीला त्याची गरज आहेच. पण नगरपालिकेच्या हद्दीत ग्रामीण रोजगार हमी लागू होत नाही. काकूंच्या शेतात लावणीला येणाऱ्या मजूर बायकांसाठी तो हक्क जातो. गाव ‘बदललं’ हे पुरुषांच्या कामावरून ठरणार, आणि त्याची किंमत ज्यांना मोजलंच नाही त्याही देणार.

आणि ज्या कामावर ही अट उभी आहे, ते तरी कुठं पक्कं असतं? तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. आता तो ह्युंदाईकडे आहे. मधल्या काळातही मावळात दर पावसाळ्यात भात लावला गेलाच. नोकरी जाते तेव्हा घर कशावर तगतं, हे त्या रकान्यात दिसत नाही.

व्याख्या बदलणं आपल्या हातात नाही, नोंद मात्र थोडीफार आहे. पुढची जनगणना २०२७ची आहे. प्रगणक दारात आला की घरातलं कुणीतरी पटकन सांगतं, “आई? ती घरीच असते.” तुम्ही तिथं असाल तर आधी आईला विचारा, गेल्या वर्षात ती किती दिवस शेतात होती. आणि तोच आकडा लिहून घ्यायला सांगा.