बरोबरीचा डाव

माधवनगराशेजारी सांगलीस 1941 साली भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापिले. या खेळाचा एक नियम आम्हांस विचारणीय वाटतो. सामन्यात डाव बरोबरीत सुटला, तर दोघांसही अर्धा गुण मिळतो. परंतु बरोबरी दोन प्रकारची असते. एक, हरण्याच्या भयाने आरंभीच मागितलेली. दुसरी, सर्व बळ वेचल्यावर, पटावर कोणाचाच जय उरला नाही हे ओळखून स्वीकारलेली. आमच्या मंडळ्यांतील समेटांचेही असेच आहे. बांधाचा तंटा भिडेखातर दडपणे ही शांती नव्हे. सत्य बोलावे, शेजाऱ्याचे न्याय्य म्हणणे मानावे आणि मग त्याचा हात धरावा. पंच अर्धा गुण मांडतो. तो भयाने मिळाला की सत्याने, हे प्रभू जाणतो.