ब्रीद कोणासाठी?



आजचे वाचन महाभारताच्या कर्णपर्वातले. युद्धाचा सतरावा दिवस. कर्णाच्या बाणांनी घायाळ होऊन धर्मराज युधिष्ठिर छावणीत परतलाय, अंथरुणावर पडलाय. भाऊ कसा आहे ते बघायला अर्जुन रणातून मागे येतो. धर्मराजाला वाटते, हा कर्णाला मारूनच आला. तसे झालेले नाही हे कळल्यावर त्याचा तोल जातो. इतकी वर्षे आम्ही तुझ्या भरवशावर काढली, तुला झेपत नसेल तर ते गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक, असे तो रागाच्या भरात बोलून जातो.

अर्जुन तलवार उपसतो. शत्रूवर नव्हे, सख्ख्या थोरल्या भावावर!

कृष्ण विचारतो, इथे मारण्यासारखे कोणी दिसत नाही, मग तलवार कशाला? अर्जुनाचे उत्तर फार महत्त्वाचे आहे. तो म्हणतो, माझे एक व्रत आहे. ‘गांडीव दुसऱ्याला दे’ असे जो मला म्हणेल त्याचे डोके उडवायचे. आणि या व्रताला मूळ संस्कृतात शब्द आलाय ‘उपांशु’. आपल्यापैकी जे जप करतात त्यांना हा शब्द ओळखीचा असेल. वाचिक, उपांशु आणि मानस असे जपाचे तीन प्रकार सांगतात. उपांशु म्हणजे ओठ हलतात पण शेजारी बसलेल्यालाही ऐकू येत नाही, ते. तर अर्जुनाचे हे व्रत तसे होते, स्वतःशी पुटपुटलेले.   

हा प्रसंग आज मुद्दाम घेतला. माझी भाची यंदा नोकरीला लागली. तिथे नवीन आलेल्यांना स्वतःचे एक ब्रीदवाक्य लिहून द्यायला सांगितले आहे. तिने मला फोन करून विचारले, ‘मावशी, तू रोज पोथ्या वाचतेस, एखादं छानसं सांग ना.’ छानशी वाक्ये ढिगाने आहेत. आपल्या राजमुद्रेखालचे वाक्य मुंडकोपनिषदातून आलेय. हवाई दलाचे ब्रीद गीतेच्या अकराव्या अध्यायातले, आयुर्विमा महामंडळाचे नवव्यातले. (भक्तांचा योगक्षेम वाहण्याचे भगवंताचे आश्वासन विम्याला लागू करणाऱ्या माणसाचे मला नेहमी कौतुक वाटते.) पण तिला वाक्य सांगण्याआधी मला वाटले, ब्रीद म्हणजे काय ते तरी नीट बघावे. म्हणून कर्णपर्व.

अर्जुनाला थांबवताना कृष्ण दोन गोष्टी सांगतो. पहिली बलाक नावाच्या व्याधाची, ती पुन्हा कधीतरी. दुसरी कौशिकाची. हा कौशिक नद्यांच्या संगमाजवळ राहणारा तपस्वी. ‘मी नेहमी खरेच बोलेन’ हे त्याचे व्रत. पंचक्रोशीत तो सत्यवादी म्हणून प्रसिद्ध. एकदा दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसे पळत येऊन त्याच्या जवळच्या रानात लपली. मागोमाग दरोडेखोर आले. त्यांनी विचारले, महाराज, तुम्ही तर सत्यवादी, ती माणसे कुठल्या वाटेने गेली? कौशिकाने सांगितले, त्या झाडीत शिरली. दरोडेखोरांनी ती सगळी माणसे मारून टाकली. कृष्ण म्हणतो, कौशिक नरकात गेला.

शाळेत असताना ही गोष्ट मला अन्यायाची वाटायची. खरे बोलला आणि नरकात? आता वाटते, त्या झाडीत लपलेल्यांच्या बाजूने ही गोष्ट कोणी सांगतच नाही. व्रत कौशिकाचे, कीर्ती कौशिकाची आणि किंमत मोजली कोणी? ज्यांना त्याचे नावही धड ठाऊक नसेल अशा लोकांनी.

हे वाचताना मला माझे चुलते आठवतात. गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि पगार थांबला. हजारो घरांचे झाले तेच त्यांच्या घराचे झाले. काकांचे एक वाक्य होते, सगळ्या नात्यात ठाऊक असलेले: ‘मी कुणापुढे हात पसरणार नाही.’ वाक्य वाईट नाही. त्याच्यात मराठी माणसाचा सगळा ताठ कणा आहे. पण काकांनी ते शेवटपर्यंत पाळले म्हणजे काय झाले? माझे वडील गावाकडे शिक्षक होते, महिन्याला थोडेफार सहज पाठवू शकले असते. त्यांना पत्रातून कायम ‘इकडे सर्व क्षेम’ एवढेच कळायचे. काकूंनी आधी बांगड्या मोडल्या, मग मंगळसूत्रातल्या वाट्या. थोरल्या मुलीची शाळा आठवीत सुटली आणि ती शिवणाच्या मशीनवर बसली. काका मात्र ताठच राहिले. नातेवाईक अजून म्हणतात, ‘मोडेन पण वाकणार नाही असा माणूस!’ खरे आहे. फक्त मोडल्या त्या बांगड्या होत्या.

काकांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तो माणूस कष्टाळू होता, निर्व्यसनी होता, आणि त्या काळाने भल्याभल्यांना चिरडले. पण त्यांच्या वाक्याकडे बघताना प्रश्न पडतो की ते कोणासाठी होते? अर्जुनाचे व्रत गांडिवाच्या मानासाठी. म्हणजे अर्जुनाच्याच. कौशिकाचे व्रत कौशिकाच्या पुण्यासाठी. काकांचे वाक्य काकांच्या मानेसाठी. तिघांनीही शब्द पाळण्यात कसूर केली नसती. आणि तिघांच्याही शब्दाची झळ दुसऱ्याला.

आता आपला मराठी शब्द बघा. ब्रीद हा संस्कृत ‘बिरुद’वरून आलाय. जुन्या मराठीत ‘ब्रीदाचा तोडर’ असा प्रयोग सापडतो. तोडर म्हणजे वीराच्या पायातले वळे. म्हणजे ब्रीद ही पायात बांधून चालण्याची वस्तू, चार लोकांना दिसेल, ऐकू येईल अशी. उपांशुच्या अगदी उलट.

आणि संतांनी हा शब्द सगळ्यात जास्त कोणासाठी वापरला? देवासाठी. पतितपावन, दीनानाथ, भक्तवत्सल ही पांडुरंगाची ब्रीदे. पण संत ती नुसती गात बसत नाहीत. नामदेवरायांचे, तुकोबांचे अभंग वाचा. ते ब्रीदाचा दाखला देऊन देवाशी चक्क भांडतात. तू पतितपावन म्हणवतोस ना, मग मी पतित तुझ्या दारात उभा आहे, दाखव आता. जमत नसेल तर सोड ते ब्रीद! वाण्याशी हिशोबावरून वाद घालावा तसा वाद. आणि देव चिडत नाही. कारण ब्रीद त्याचे असले तरी त्याच्यावर हक्क भक्ताचा आहे.

मला वाटते, सगळी मेख इथे आहे. ज्या वाक्यावरून दुसऱ्याला आपल्याला धरता येते ते ब्रीद. ज्या वाक्यावरून आपण दुसऱ्याला मारायला धावतो ती तलवार, मग ती कितीही सोन्याच्या अक्षरांत लिहिलेली असो.

कोणी विचारेल, मग दिलेला शब्द मोडला तरी चालतो का? इतके सोपे नाही. आठवा, याच युद्धात मी शस्त्र धरणार नाही असे कृष्णाने सांगितले होते. तरी भीष्मांच्या बाणांपुढे पांडवसेना टिकत नाही हे बघून तिसऱ्या दिवशी तो चक्र घेऊन धावला, नवव्या दिवशी हातात नुसता चाबूक घेऊन. तेव्हा अर्जुनानेच त्याला मागून कवळ घालून, पाय धरून थांबवले. काय म्हणाला? तुम्ही शब्द दिलाय, लोक तुम्हाला खोटे म्हणतील. म्हणजे नवव्या दिवशी अर्जुन कृष्णाला शब्द मोडण्यापासून अडवतो आणि सतराव्या दिवशी कृष्ण अर्जुनाला शब्द पाळण्यापासून अडवतो. व्यासांनी हे दोन प्रसंग आठ दिवसांच्या अंतराने ठेवलेत. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. धरायला कोणीतरी जवळ होते. कौशिकाच्या आश्रमात तसे कोणी नव्हते.

कृष्णाने पुढे काढलेली तोड तर अगदी आपल्या घरातली वाटते. तो म्हणतो, वडीलधाऱ्याचा अपमान करणे म्हणजे त्याला मारण्यासारखेच आहे. तेव्हा तू धर्मराजाला अरे-तुरे कर, तुझे व्रत पुरे होईल. अहो-जाहोची चाड असलेल्या आपल्याला हे चटकन पटते. ज्याला जन्मभर ‘दादा’ म्हटले त्याला एकदम ‘अरे ए’ म्हणून बघा, जीभ अडखळेल. अर्जुन तसे बोलतो, मनातले साचलेले सगळे बोलून घेतो आणि मग पश्चात्तापाने पुन्हा तलवार उपसतो, आता स्वतःवर! कृष्ण पुन्हा अडवतो. म्हणतो, आत्मस्तुती ही आत्महत्येसारखीच असते, घे, स्वतःचे तोंडभर कौतुक कर. इथे मला दरवेळी हसू येते. रक्ताने माखलेल्या त्या सतराव्या दिवशी महाभारतातला सगळ्यात मोठा धनुर्धर उभा राहून ‘माझ्यासारखा कोणी नाही’ असे म्हणतोय, आणि ती शिक्षा आहे.

काकांच्या घरी पुढे काय झाले तेही सांगते. संपानंतर काका पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत, एका गोदामावर राखणदार झाले, पुढे वारले. नंतर काकूंनी घरात एक वाक्य आणले. कुठल्या पोथीतले नाही. ‘अडलं तर सांगायचं.’ बस, एवढेच. भिंतीवर लावले नाही, पण मुलांना सांगितले, सुना आल्या तेव्हा त्यांनाही सांगितले. फीचे पैसे कमी पडोत की ऑफिसात कोणी त्रास देवो, घरात सांगायचे. मशीनवर बसलेल्या ताईनेच पुढे धाकट्याच्या कॉलेजची फी भरली, ती त्याने ‘अडलंय’ म्हटल्यावर.

गेल्या वर्षी काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. ऑपरेशनचा खर्च नको म्हणून त्या दिसत नसतानाही दिसल्यासारखे करत होत्या. हरिपाठ पाठ असल्यामुळे पुस्तक उघडे ठेवून म्हणायच्या, कोणाला कळायचे नाही. एक दिवस नातवाच्या लक्षात आले की पुस्तक उलटे आहे. तो सात वर्षांचा. म्हणाला, ‘आजी, अडलं तर सांगायचं असतं ना? तूच म्हणतेस.’ काकू त्याच्यावर ओरडल्या, पुस्तक मिटून ठेवले, आणि रात्री मुलाला म्हणाल्या, उद्या डॉक्टरांकडे नेतोस का.

भाचीला मी अजून काही कळवलेले नाही. तिला एवढेच विचारणार आहे की तुझ्या ब्रीदवाक्यावरून तुला कोण टोकू शकेल, त्या माणसाचे नाव आधी सांग, वाक्य मग शोधू. टेबलावर ठेवायला ते कदाचित फार साधे दिसेल. बॉसला आवडणारही नाही.

उद्या याच प्रसंगाचा पुढचा भाग घेऊ. अर्जुनाचे बोलणे मनाला लागून धर्मराज अंथरुणातून उठतो आणि वनात निघतो, तेव्हा कृष्ण त्याच्या पाया पडून त्याला काय सांगतो, ते वाचायचे आहे. ज्यांच्याकडे कर्णपर्व आहे त्यांनी आधी वाचून ठेवा.

राम कृष्ण हरी.