डालगं

आमच्या पिवळीनं अंडी द्यायचं थांबवलं त्याला आता सात महिने झाले. तिचं काय करायचं हा प्रश्न घरात कुणी उघड विचारत नाही. मीही विचारला नसता, पण त्याआधी कोंबड्यांचा प्रकार घडला होता.

बदलापुरात आमचं तळमजल्याचं घर आहे, मागे जेमतेम दहा पावलांचं अंगण. तीन वर्षांपूर्वी तिथे खुराडं बांधलं आणि पाच तलंगा आणल्या. कारण मुलीचं होतं. पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० ते ५५० चौरस सेंटिमीटर जागा येते, हे तिनं वाचलं आणि वहीच्या कागदावर तेवढा चौकोन कापून मला दाखवला. ए-फोर पानापेक्षा तो लहान होता. त्याहून वाईट मी तिला नंतर सांगितलं: अंड्यांच्या जातीचे नर ना अंडी देतात, ना लवकर अंगानं भरतात, म्हणून अंड्यातून निघाल्या दिवशीच ते मारले जातात. जर्मनीनं २०२२पासून यावर बंदी घातली, हेही सांगितलं. सांगताना आपण बऱ्या बाजूला आहोत असं मला वाटत होतं.

मग एक कोंबडी खुडूक झाली. कोंबडा पाळणाऱ्या एका घरून नऊ अंडी आणून तिच्याखाली ठेवली. एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. मुलीनं सगळ्यांना नावं दिली. पाच महिन्यांनी कळलं, त्यातले चार कोंबडे. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ रात्रपाळी करून पहाटे झोपतात. आम्ही कोंबड्यांवर डालगी पालथी घालून वर गोणपाट टाकलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे लहानपणापासून ऐकलं होतं. कोंबडं झाकलं तरी आरवतं, हे तेव्हा समजलं. शिवाय चौघे एकमेकांना रक्तबंबाळ करू लागले.

एक माणूस चौघांनाही घेऊन गेला. त्यानं काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही. मुलगी शाळेतून आल्यावर म्हणाली, "पाळेल ना तो?" मी म्हटलं, "हो."

रात्री आई म्हणाली, "कापायला दिलेस, ते समजलं. पाळायला दिले असं का सांगितलंस?"

आई देवगडकडची. तिच्या माहेरी कोंबडीला नाव नसे. पाहुणा आला की कोंबडा कापला जाई, मुलांच्या देखत. मी तिला कठोर समजत आलो. पण त्या घरात कुणाला खोटं सांगावं लागत नव्हतं. आमच्या घरात माया जास्त होती आणि डालगंही.

यावर एक आक्षेप माझा मीच घेतो. कापल्या जाणाऱ्या कोंबड्याला, मालक खरं बोलला की खोटं, यानं काय फरक पडतो? काहीच नाही. खरेपणानं माझं मन निवळेल, त्याचा जीव वाचणार नाही. तरीही मला वाटतं, खोट्यानं एक गोष्ट निश्चित बिघडते: पुढच्या वेळी तेच करणं सोपं होतं. जे दिसत नाही त्याचा हिशेब कुणी मागत नाही. पिंजऱ्यांचा सगळा धंदा त्यावरच उभा आहे, आणि त्याची एक छोटी शाखा मी अंगणात उघडली होती.

पिवळीबद्दल घरात दोन मतं आहेत. बायको म्हणते, हिनं इतकी अंडी दिली, आता हिला सांभाळणं आपलं कर्तव्य. ऐकायला हे चांगलं वाटतं, पण मला पटत नाही. रानकोंबडी वर्षाकाठी मोजकी अंडी घालते, पिलांपुरती. पिंजऱ्यातली तीनशेच्या आसपास घालते. ही वाढ माणसानं निवडीनं घडवली. कोंबडीनं तसा करार केला नव्हता. अंड्यांच्या बदल्यात जीवदान म्हटलं, तर अंडी न दिलेल्या चार कोंबड्यांचं मरण आपोआप रास्त ठरतं. "उपयोग संपला" आणि "उपकार फेडू" ही दोन्ही वाक्यं एकाच वहीतली आहेत.

पिवळीला ठेवायचं, कारण ती जगते आहे आणि मूठभर कण्यांत तिचं भागतं. याहून मोठं कारण मला सापडलेलं नाही. ते चार कोंबड्यांनाही लागू होतं. तिथे मी कमी पडलो.

गेल्या महिन्यात मुलीला खरं सांगितलं. ती रडली नाही. आठवडाभर अंडं खाल्लं नाही आणि माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग म्हणाली, "आता कुणाखाली अंडी ठेवायची नाहीत."

म्हणजे हे खुराडं हळूहळू रिकामं होणार. सध्या एक कोंबडी पुन्हा खुडूक झाली आहे. सकाळी मी तिला उचलून बाहेर सोडतो. ती परत येऊन रिकाम्या टोपलीत बसते. एवीतेवी तिच्याशी तरी खोटं बोलता येत नाही.